लोअर परळच्या 'गिरणगावी' हॉटेलात अप्पांना घेऊन उतरावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय का ते तुम्हालाही कळेल. भाचीच्या लग्नाचं रिसेप्शन शनिवारी संध्याकाळी वरळीला आहे. सोलापूरहून तुम्ही चौघं निघणार: तुम्ही, मिस्टर, कॉलेजात शिकणारी लेक आणि पंचाहत्तरीचे अप्पा. लेकीनं लोअर परळमधलं एक छोटं बुटीक हॉटेल शोधून काढलंय. जुन्या गिरणीच्या आवाराला लागून, वीसेक रूम, सगळी सजावट गिरणगावाच्या आठवणींवर. अप्पांनी सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, आयुष्य काढलंय, तेव्हा आजोबांना हे आवडेल असं तिला वाटतंय. पण तळमजल्यावर बार आहे, समोर गच्चीवर पब आहेत आणि तुम्ही राहणार शुक्रवार-शनिवारच्या रात्री. तिथं झोप लागेल का, घरच्यांना घेऊन राहण्यासारखा एरिया आहे का, की नेहमीप्रमाणे दादरच्या लॉजवरच उतरावं, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापूरचाच. मुंबईत अशाच छोट्या हॉटेलांमध्ये आधी रिसेप्शनला आणि नंतर रात्रपाळीचा ड्युटी मॅनेजर म्हणून बरीच वर्षं काढली. आता गावी परत आलोय आणि लोकांची बुकिंगं करून देतो. रात्री अडीच वाजता पायजम्यावर खाली येऊन "अहो, हे बंद कधी होणार?" असं विचारणारे पाहुणे मी रोज सांभाळलेत. म्हणून सांगतो, तुमचा घोळ एरियाचा नाही. चार माणसांच्या चार तऱ्हेच्या रात्री एका छपराखाली बसवायच्या आहेत, तो आहे. लेकीला अकरा वाजता खाली उतरून गजबज बघायची असणार. अप्पा आठला जेवून नऊला आडवे होणार आणि पहाटे पाचला उठून चहा मागणार. तुम्ही दोघं रिसेप्शन उरकून दमून येणार.

माझं मत आधीच देऊन टाकतो. उतरा तिथंच. फक्त शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार करा आणि रूम साइटवरच्या फोटोवरून न घेता फोनवर बोलून, मजला आणि बाजू ठरवून घ्या. हे जमत नसेल तर मात्र अप्पांना तिथं नेऊ नका.

वाराचं आधी बोलू. लोअर परळ दिवसभर ऑफिसांचा भाग आहे. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसं सुटली की माणसं घरी न जाता तिथंच टेबल धरून बसतात. शनिवारी बाहेरून, अगदी ठाण्या-विरारहून गर्दी येते. रविवारी रात्री अकराच्या पुढं हाच रस्ता मोकळा होतो, कारण सोमवारी सगळ्यांना कामावर जायचं असतं. ऑफिसवाल्या भागातल्या हॉटेलांचे दरही बहुधा रविवारी उतरतात. शनिवारी सकाळी सहाच्या सुमाराची वंदे भारत पकडलीत तर दुपारी साडेबाराच्या आत-बाहेर दादरला उतराल. चेक-इन दोनचं असतं, म्हणजे जेवून थेट रूमवर. शनिवारची रात्र गोंगाटाची खरी, पण त्या दिवशी तुम्हीच उशिरा येणार आहात. रविवारची रात्र शांत मिळते आणि सोमवारी दुपारी चारनंतरच्या वंदे भारतनं परत. शुक्रवार धरलात तर आठवड्यातल्या सर्वांत गोंगाटाच्या दोन्ही रात्रींचे पैसे भराल.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रीचा प्रवास करायचा विचार असेल तर अप्पांसाठी तो टाळा. सकाळी लवकर दादरला उतराल आणि रूम दोनपर्यंत मिळणार नाही. छोट्या हॉटेलात रूमच मोजक्या असतात. शनिवारी सकाळी त्या शुक्रवारच्या पाहुण्यांनी भरलेल्या असतात आणि तीच मंडळी सर्वांत उशिरा उठतात. तुम्हाला लवकर रूम द्यायची रिसेप्शनची कितीही इच्छा असली तरी द्यायला रूम नसते.

आता आवाज. इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक "खिडकी काचेची आहे ना?" एवढंच विचारून गप्प बसतात.

अशा भागात रात्रीचा आवाज एकसारखा नसतो. पहिला आवाज संगीताचा. मुंबईत बारला रात्री दीडपर्यंत परवानगी आहे. कायद्यानं रात्री १० ते सकाळी ६ ही 'रात्र' धरतात आणि तेव्हा रहिवासी भागात ४५ व व्यापारी भागात ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, म्हणून उघड्या गच्चीवरचं संगीत दहानंतर आत जातं किंवा कमी होतं. पण बंद हॉलमधल्या संगीताचा जो खालचा ठोका असतो, तो काचेनं अडत नाही. तो भिंतीतून, खांबातून, पलंगाच्या पायातून येतो. दुहेरी काच गाणं अडवते, ठोका अडवत नाही. म्हणून बारच्या थेट वरच्या मजल्यावरची रूम कितीही देखणी असली तरी नको. हॉटेलच्या स्वतःच्या गच्चीवर काही असेल तर सर्वांत वरचा मजलाही नको. तिथं संगीतापेक्षा डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा त्रास जास्त होतो.

दुसरा आवाज दीडनंतरचा, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त तक्रारी याच वेळच्या. संगीत थांबलेलं असतं, म्हणून पाहुण्याला वाटतं आता सुटलो. तेवढ्यात सगळी माणसं एकदम रस्त्यावर येतात. कॅब मिळत नाही, ड्रायव्हरला फोनवर ओरडून पत्ता सांगणं चालू असतं, गाड्या लावणाऱ्या पोरांच्या शिट्ट्या, हॉर्न, निरोप, भांडणं. आपल्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या कडेला राहणाऱ्यांना विचारा, पाळण्यावरच्या गाण्यांपेक्षा यात्रा पांगतानाचा गलकाच जास्त जागवतो. इथं तो तासभर तरी चालतो.

तिसरा आवाज फारसं कुणी धरत नाही. अडीच-तीनला बारची आवराआवर होते आणि रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये, पिंपात ओतल्या जातात. काचेवर काच. हे काम नेहमी इमारतीच्या मागच्या बाजूला होतं. स्वयंपाकघराचा धूर ओढणारा मोठा पंखा मागे, जनरेटर मागे आणि पहाटे कचऱ्याची गाडीही मागेच येते. म्हणून "आम्हाला मागची शांत रूम द्या" असं म्हणून मोकळं होऊ नका. मागची बाजू शांत असेलच असं नाही. कधी कधी समोरची, पण वरून दुसऱ्या मजल्यावरची रूम जास्त बरी निघते.

आणि इथंच एक गोष्ट तुमच्याकडून कळायला हवी. अप्पांना ऐकू कसं येतं? साचेखात्यात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या अनेकांचे कान अधू झालेले असतात. तसं असेल तर रस्त्यावरचा गलका त्यांना जाणवणारही नाही आणि ते तुम्हा सगळ्यांपेक्षा गाढ झोपतील. पण मग दुसरी काळजी येते: रात्री धोक्याची घंटा वाजली किंवा कुणी दार ठोठावलं तर त्यांना कळणार नाही. म्हणून त्यांना एकट्याला रूम नको. दोन रूम घ्या, एकीत मिस्टर आणि अप्पा, दुसरीत तुम्ही आणि लेक. नवरा-बायको एका रूममध्ये, आजोबा-नात दुसऱ्या, ही वाटणी घरात ठीक. इथं लेक उशिरा येणार आणि दिवा लावणार, त्यात अप्पांची झोप मोडणार.

रूम ठरवायची ती अशी. बुकिंग साइटवर पैसे भरण्याआधी या शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री साडेअकरा वाजता हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करा. दिवसा नको, रात्रीच. पहिली गोष्ट, फोनमधूनच तुम्हाला तिथला आवाज ऐकू येईल. समोरच्या माणसाला तुमचं बोलणं दोनदा विचारावं लागलं तर काय ते समजा. दुसरी गोष्ट, त्या वेळी जो माणूस फोन उचलतो त्याला कोणत्या रूममधून तक्रार येते हे तोंडपाठ असतं. दिवसा बोलणारा बुकिंगवाला "सर्व रूम शांत आहेत" असंच सांगणार, कारण तो सहाला घरी जातो. रात्रीच्या माणसाला सरळ विचारा: "माझे वडील पंचाहत्तरीचे आहेत. तुमचे स्वतःचे वडील आले तर तुम्ही त्यांना कुठल्या रूममध्ये झोपवाल?" हा प्रश्न मलाही विचारलेला आहे. त्यावर उडवाउडवीचं उत्तर देता येत नाही. तो रूमचा नंबर सांगेल. तो नंबर लिहून घ्या आणि बुकिंग करताना ईमेलवर कळवून त्यांच्याकडून लेखी होकार घ्या. जुने अभिप्राय वाचतानाही सरासरी किती तारे ते बघू नका, शनिवारी राहून गेलेल्यांनी आवाजाबद्दल काय लिहिलंय तेवढं शोधा. रागावलेली माणसं बहुधा रूमचा नंबरही लिहितात.

अप्पांच्या दृष्टीनं आवाजाइतकीच मोठी अडचण रूमच्या आत असते, आणि ती फोटोत दिसत नाही. गिरणीच्या इमारतींचे मजले उंच. त्या उंचीचा फायदा घेऊन अशा हॉटेलांत पोटमाळ्याच्या रूम काढतात: खाली बसायची जागा, वर पलंग, मध्ये अरुंद लोखंडी जिना. फोटोत फार सुंदर दिसतं. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला तो जिना म्हणजे पडायचं आमंत्रण आहे. 'लॉफ्ट', 'ड्युप्लेक्स', 'मेझनाइन' असं काही नावात असेल तर ती रूम सोडा. बाथरूमची पायरी विचारा. पाश्चिमात्य पद्धतीचं कमोड असेलच, पण धरायला कडी असतेच असं नाही. बादली-मग सांगून ठेवलं तर मिळतात, न सांगता मिळत नाहीत. बसून अंघोळ करायला प्लास्टिकचं स्टूल मागा. आणि अशा हॉटेलांत वातावरण म्हणून पॅसेजमध्ये मंद पिवळे दिवे ठेवतात, काळ्या फरशीवर एक पायरी कुठं आहे ते तरुण माणसालाही दिसत नाही. अप्पांसाठी एक छोटी बॅटरी बरोबर घ्याच. काही रूमना बाहेर उघडणारी खिडकीच नसते, त्याबद्दलही आधीच विचारा. आयुष्यभर सकाळी खिडकी उघडून बसायची सवय असलेल्या माणसाला बंद रूम दुसऱ्या दिवशी नको होते.

आता सुरक्षिततेचं. माणसांची भीती वाटत असेल तर ती फारशी बाळगू नका. या भागात रात्री दीड-दोनपर्यंत रस्त्यावर इतकी वर्दळ असते की बायका-मुली बिनधास्त चालतात. लेकीला फक्त दोन गोष्टी सांगा. परत येताना कॅब हॉटेलच्या दारातच थांबवायची, आवाराच्या मोठ्या गेटवर नाही, कारण अशा जुन्या आवारांत गेटपासून हॉटेलपर्यंतचा आतला रस्ताच सर्वांत अंधारा असतो. आणि रात्री रिसेप्शनला कोण आहे त्याचं नाव जातानाच विचारून ठेवायचं. हॉटेलचं मुख्य दार आणि बारचं दार वेगळं आहे का, हे मात्र तुम्ही फोनवर विचारा. एकच दार असेल, तर बारमध्ये आलेला कुणीही लिफ्टपर्यंत पोचू शकतो. चांगल्या ठिकाणी लिफ्टला कार्ड लागतं किंवा दाराशी माणूस बसलेला असतो.

मला काळजी वाटते ती आगीची, आणि ती मी प्रत्येकाला सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये, २८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, याच लोअर परळमधल्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ माणसं गेली. त्यातली अनेक बाथरूममध्ये सापडली. आगीपासून वाचायला म्हणून आत शिरली आणि धुरानं गुदमरली. तेव्हापासून तपासण्या वाढल्या, पण शेवटी आपला जिना आपणच बघून ठेवायचा असतो. रूम मिळाल्याबरोबर, बॅगा उघडायच्या आधी, चौघांनी मिळून आणीबाणीच्या जिन्यानं एकदा खालपर्यंत उतरा. त्यात पाच मिनिटंसुद्धा जात नाहीत. दार उघडतं का, जिन्यात जुन्या खुर्च्या, गाद्या, खोकी रचून ठेवलीत का, खाली बाहेर पडायला वाट आहे का, हे डोळ्यांनी बघा. जिन्यात सामान भरलेलं दिसलं तर तिथल्या तिथं सांगा, आणि हलवलं नाही तर हॉटेल सोडा, पैसे गेले तरी चालतील. धूर दिसला तर लिफ्ट नाही, बाथरूम नाही. ओलं कापड नाकाला, अंग खाली वाकवून जिन्याकडं. अप्पांच्या रूमपासून तो जिना किती दारं सोडून आहे, हे मिस्टरांनी मोजून ठेवावं. धुरात डोळ्यांना दिसत नाही, हातानं दारं चाचपत जावं लागतं.

आता लेकीला जे वाटतंय त्याकडं येतो, कारण तिचा विचार मला मनापासून आवडला. गिरणगावाच्या नावानं सजवलेलं हॉटेल अप्पांना खरंच आवडेल का? ते त्या हॉटेलनं त्या वस्तीकडून काय घेतलंय त्यावर आहे.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, आपली सोलापूरची जुनी मिल १८७७ ची. एकाच काळातली, एकाच धंद्यातली शहरं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली तिथल्या सुमारे अडीच लाख कामगारांनी संप सुरू केला, त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत, आणि त्याच जमिनींवर आज ही ऑफिसं, हे मॉल आणि हे पब आहेत. त्यामुळं तिथं भिंतीवर लटकवलेल्या मागाच्या धोट्याकडं बघताना मुंबईच्या पोराला नक्षी दिसेल, अप्पांना गिरणीतली पाळी आठवेल. ते हॉटेल या आठवणीशी प्रामाणिक आहे का, हे कळायला फार वेळ लागत नाही.

मी एका हॉटेलात रात्रपाळीला असताना लॉबीत एक जुनं यंत्र रंगवून ठेवलं होतं, खाली पितळी पाटी: 'हातमाग'. एक म्हातारे गृहस्थ राहायला आले होते. रात्री झोप येईना म्हणून खाली आले आणि त्या यंत्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मला बोलावून म्हणाले, "अहो, हा माग नाही. ही रिंग फ्रेम आहे. या बघा चात्या, यावर सूत कातलं जायचं. कापड नाही विणलं जात यावर." हात लावून त्यांनी एकेक भाग दाखवला: लोळ्या कुठून सुटायच्या, कडी कशी फिरायची, सूत तुटलं की पोरगं कसं धावत यायचं. मालकांनी ती पाटी लगेच बदलली. एवढंच नाही, त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून घेऊन यंत्राशेजारी लावलं. असं ऐकून घेणारं हॉटेल असेल तर अप्पांचा मुक्काम सार्थकी लागला समजा.

म्हणून तिथं गेल्यावर अप्पांना आपलं आपलं बघू द्या. धोटा हातात घेऊन त्यांना लगेच कळेल की तो वापरलेला आहे की शोभेसाठी नवा कातलाय. वापरलेल्या धोट्याचं लाकूड एका बाजूनं गुळगुळीत, जवळजवळ तेलकट झालेलं असतं आणि टोकाच्या लोखंडावर मार लागलेल्या खुणा असतात. पलंगावर सोलापुरी चादर म्हणून काही अंथरलं असेल तर ती उलटून बघायला सांगा. आपल्याकडं जेकार्ड मागावर विणलेल्या चादरीची नक्षी मागच्या बाजूलाही येते, फक्त रंग उलटे होतात. मागची बाजू फिकट, कोरी दिसली तर ती छपाई आहे. इमारत खरंच जुन्या विणकाम शेडची असेल तर वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर दिसेल, एका बाजूनं काच असलेलं. उत्तरेचा उजेड आत यावा पण ऊन सुतावर पडू नये म्हणून ते तसं बांधत. अप्पा ते बघून स्वतःच सांगायला लागतील. त्यांचं बोलणं लेकीनं फोनवर रेकॉर्ड करून ठेवावं. आपल्या घरांतून हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सजावटीपेक्षाही मी एक गोष्ट बघतो: जेवायला कुठं जावं असं विचारल्यावर रिसेप्शनवाला काय सांगतो. तो फक्त आपल्याच बारचं नाव घेत असेल तर वस्ती त्याच्या भिंतीवरच आहे. त्यानं लालबागच्या चिवडा गल्लीचं, मसाल्याच्या दुकानांचं, जवळच्या एखाद्या मालवणी खानावळीचं नाव काढलं तर त्याचे पाय त्या भागात फिरलेले आहेत.

रविवारची सकाळ अप्पांना द्या. या भागाचं रात्रीचं रूप लेकीचं, सकाळचं त्यांचं. सात-साडेसातला लोअर परळ पूर्ण वेगळं असतं. ना. म. जोशी मार्गावर दूधवाले, पेपरवाले, देवळाच्या घंटा, बीडीडी चाळींकडं जाणारी माणसं. त्या चाळी १९२० च्या दशकातल्या, आता पुनर्विकासात चालल्यात, जे उरलंय ते बघून घ्यावं. चाळीच्या गॅलरीत उभ्या माणसांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, ते त्यांचं घर आहे. तिथून टॅक्सीनं लालबागला जा, दुकानं उघडली की डंखावर, म्हणजे कांडायच्या यंत्रावर, मसाला कांडतानाचा वास रस्ताभर येतो. परळहून लोअर परळकडं यायला टॅक्सीवाला जास्त वेळ सांगेल. तो फसवत नाहीये. एल्फिन्स्टनचा जुना रस्तापूल नव्या पुलासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला, तेव्हापासून वळसा पडतो. पावसाळ्यात जाणार असाल तर परळजवळच्या हिंदमाताला पाणी भरतं, हेही टॅक्सीचा वेळ धरताना लक्षात ठेवा.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची रूम करासकट ७,७७० ला पडते आणि ७,८०० ची थेट ९,२०४ ला. शनिवारचा दर या रेषेच्या थोडा वर दिसत असेल तर घासाघीस करायला हीच जागा आहे, चारशे रुपये खाली आणलेत तर वाचतात त्याहून कितीतरी जास्त. नाश्ता धरून दर आहे का, तो किती वाजता सुरू होतो, हेही विचारा. अशा ठिकाणी नाश्ता साडेआठशिवाय मिळत नाही, कारण तिथले पाहुणेच दहाला उठतात. अप्पांना पाचचा चहा लागणार, तर रूममध्ये किटली आहे का बघा. साखर-पत्ती आपली न्या. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी तुम्ही नेणारच आहात. दही तेवढं आदल्या रात्री किचनमधून मागून ठेवा, सकाळची सोय झाली. ओळखपत्रं चौघांची, मूळ कागद, पॅन कार्ड चालत नाही.

दादरच्या लॉजबद्दल विचारलंत म्हणून: ती जागा वाईट नाही, ओळखीची आहे आणि स्टेशनजवळ आहे. पण झोपेसाठी म्हणून दादर घेत असाल तर पश्चिमेला फुलबाजार पहाटे चारच्या आधीच सुरू होतो, हातगाड्या आणि हमालांच्या हाकांसकट. शांतता विकत घ्यायचीच असेल तर माटुंगा बरं.

या शनिवारी रात्री फोन कराच. ते कुठला मजला म्हणतात, बारच्या किती वर, जिन्यापासून किती दारं, आणि अप्पांना ऐकू कसं येतं, एवढं इथं लिहा. रूमचा नंबर मिळाला की तो घ्यावा की बदलून मागावा, ते मी सांगतो.